रक्ताचें नातें

मराठी भाषेंत नात्यासाठीं जे शब्द आहेत, त्यांत ‘रक्ताचें नातें’ या शब्दाइतकें वजन दुसऱ्या कोणत्याहि शब्दाला नाहीं. दत्तक मुलगा कितीहि गुणी असला तरी तो रक्ताचा नव्हे, सून कितीहि मायाळू असली तरी ती परक्या रक्ताची, आणि भाऊ वैरी झाला तरी शेवटीं रक्त तें रक्तच, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलों आहों. वारसा, सुतक, विवाहाचे निषेध आणि जातीचा अभिमान या सर्वांचा आधार हेंच रक्त. परंतु हें रक्त आईबापांकडून मुलाकडे खरोखर जातें काय, गेलें तर कसें जातें, आणि आपल्या रक्ताचें म्हणून कोणास म्हणावें, या प्रश्नांना पुराव्यानिशीं उत्तर मिळूं लागलें तें गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांतच. त्या शोधाच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान आपल्याच मुंबईंत लिहिलें गेलें आहे. कोंकणांतील वाचकांनीं तरी तें वाचावें, या हेतूनें आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

आरंभ लांज्यापासूनच करूं. लांजा तालुक्यांतील कोट हें गांव झांशीच्या नेवाळकर घराण्याचें मूळ गांव म्हणून प्रसिद्ध आहे. कोंकणांतून उत्तरेंत गेलेल्या या घराण्यांत १८५३ सालीं रक्ताच्या नात्याचा प्रश्न एका राज्याच्या मुळावर आला. गंगाधररावांचा स्वतःचा मुलगा तान्हेपणींच वारला होता. मरणाच्या आदल्या दिवशीं, म्हणजे २० नोव्हेंबरला, त्यांनीं आनंदराव नांवाचा नेवाळकर वंशांतलाच एक मुलगा दत्तक घेतला व त्याचें नांव दामोदरराव ठेविलें. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणें विधिपूर्वक घेतलेला दत्तक औरसाच्या जागीं उभा राहतो. लॉर्ड डलहौसीला तें मान्य झालें नाहीं. पोटचा वारस नाहीं या सबबीवर १८५४ सालीं झांशी खालसा झाली. पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, शास्त्रानें विधीला मान दिला आणि कंपनी सरकारनें पोटच्या वारसाचें निमित्त केलें. परंतु बापापासून मुलांत नेमकें काय उतरतें, हें त्या वेळीं पृथ्वीच्या पाठीवर कोणासहि ठाऊक नव्हतें.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोंकणांतील अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून काढले. ते ग्रंथ मोठ्या कष्टाचे आहेत, आणि सामाजिक इतिहासाचीं साधनें म्हणून त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यांतील वंशवृक्ष हा पुरुषापासून पुरुषाकडे जाणारा वृक्ष आहे. प्रत्येक माणसास दोन आईबाप, चार आजे-आज्या, आठ पणजे-पणज्या. या हिशोबानें दहाव्या पिढीस पूर्वजांचीं १,०२४ स्थानें होतात. त्यांतील एका स्थानावरील पुरुषाचें नांव आपण अभिमानानें सांगतों. बाकीच्या १,०२३ जणांविषयीं कुलवृत्तांत मौन धरतो. त्या मौनांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. आपल्या शरीराची घडण मात्र असला पक्षपात करीत नाहीं.

आतां रक्ताकडे वळूं. डार्विननें १८६८ सालीं असा तर्क मांडला कीं, शरीराच्या प्रत्येक भागांतून अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ते एकत्र जमून पुढील पिढीस जन्म देतात. त्याचा आप्त फ्रान्सिस गाल्टन यानें तो तर्क सशांवर पडताळून पाहिला. एका रंगाच्या सशांच्या अंगांत दुसऱ्या रंगाच्या सशांचें रक्त घालून त्यानें त्यांची प्रजा पाहिली. रक्त बदललें, पण पिलांचा रंग बदलला नाहीं. १८७१ सालीं गाल्टननें हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हां डार्विननें उत्तर दिलें कीं, हे कण रक्तांतूनच जातात असें आपण कोठेंहि म्हटलें नव्हतें. वाद तेवढ्यावर थांबला; पण रक्त हें वारशाचें वाहन नव्हे, एवढें त्या सशांनीं दाखवून दिलें. बापाच्या रक्ताचा एक थेंबहि मुलाच्या अंगांत जात नाहीं. आईच्या उदरांतील गर्भाचा रक्तप्रवाहहि आईच्या रक्तप्रवाहापासून वेगळाच वाहतो.

मग जातें काय? याचें उत्तर ग्रेगोर मेंडेल या ऑस्ट्रियन धर्मोपदेशकानें मठाच्या बागेंत वाटाणे लावून शोधिलें होतें. त्याचा निबंध १८६६ सालीं छापला गेला व चौतीस वर्षें धूळ खात पडला. प्रत्येक गुणासाठीं आईकडून एक व बापाकडून एक असे दोन घटक येतात. त्यांपैकीं एक दुसऱ्यास झांकून टाकूं शकतो. पण झांकलेला घटक नष्ट होत नाहीं, तो पुढच्या पिढींत तसाच जातो, व जोडीदार मिळाला कीं पुन्हां प्रकट होतो. या घटकांस आज आपण जनुकें म्हणतों. १९०० सालीं तीन संशोधकांनीं हा नियम स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढला. योगायोग असा कीं, त्याच सुमारास व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यास असें दिसून आलें कीं, एका माणसाचा रक्तरस दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळला असतां कधीं कधीं पेशींच्या गुठळ्या होतात. यांतूनच ए, बी व ओ हे रक्तगट निघाले. एबी हा चौथा लवकरच सांपडला. १९१० सालीं फॉन डुंगर्न व लुडविक हिर्शफेल्ड यांनीं सिद्ध केलें कीं, रक्तगट मेंडेलच्या नियमानें आईबापांकडून मुलांकडे येतात. रक्त जात नाहीं, पण रक्ताची खूण जाते, असा हा निकाल होता.

या निकालाचा दुरुपयोग व्हावयास वेळ लागला नाहीं. पहिल्या महायुद्धांत सालोनिका येथें अनेक राष्ट्रांच्या सेना एकत्र आल्या होत्या. तेथें हिर्शफेल्ड व त्याची पत्नी हान्ना यांनीं सोळा लोकसमूहांतील आठ हजारांवर माणसांचें रक्त तपासलें आणि १९१९ सालीं त्याचे आंकडे प्रसिद्ध केले. त्यांत हिंदी शिपाईहि होते, व त्यांच्यांत बी गटाचें प्रमाण सर्वांत अधिक आढळलें. आंकडे खरे होते, आणि त्यांतील अर्थहि साधा होता: सर्व गट सर्व लोकांत आहेत, भेद आहे तो प्रमाणाचा. तरीहि जर्मनींतील कांहीं पंडितांनीं त्यावरून उच्च रक्त व नीच रक्त अशा शोभिवंत इमारती उठविल्या. १९३५ सालीं त्या देशांत ‘जर्मन रक्ताच्या रक्षणा’चा कायदा झाला, पण त्या कायद्याखालीं ज्यू कोण हें ठरवावयाचें तेव्हां रक्त तपासलें गेलें नाहीं, आजे-आज्यांचा धर्म तपासला गेला. रक्तगटांच्या अनुवंशाचा नियम सिद्ध करणारा हिर्शफेल्ड स्वतः ज्यू कुळांत जन्मलेला म्हणून वॉर्साच्या कोंडवाड्यांत डांबला गेला. ज्यांना रक्ताच्या नांवानें राज्य करावयाचें असतें, त्यांना रक्ताविषयींचें सत्य नको असतें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्याकडेहि या विद्येचा अभ्यास झाला, आणि तो अधिक शहाणपणानें झाला, हें सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. इरावतीबाई कर्वे या १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथें ऑयगेन फिशर या वंशवादी आचार्याच्या हाताखालीं कवट्यांची मापें घेत होत्या; परंतु गोऱ्यांचें श्रेष्ठत्व त्या मापांतून निघत नाहीं, असाच निष्कर्ष त्यांनीं मांडला. पुढें १९६८ सालीं त्यांनीं कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रांतील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. ब्राह्मण या एकाच नांवाखालीं मोडणारे गट एकाच मुळाच्या फांद्या असतील असें सर्वसाधारणपणें समजलें जातें. बाईंचें मत त्याच्या उलट होतें. मुंबईंत वसंत रामजी खानोलकर व एल. डी. संघवी यांनीं सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची मोजणी त्यापूर्वींच केली होती. जात म्हणजे रक्ताची शुद्ध धार, ही समजूत ज्यांना तपासून पाहावयाची असेल, त्यांच्यासाठीं साहित्य आपल्याच घरांत सिद्ध होत होतें.

आणि मग १९५२ साल आलें. त्या वर्षीं मे महिन्यांत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत मुंबईचे डॉक्टर वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांचा, इंग्लंडांतील चार संशोधकांसह लिहिलेला, एक लहानसा लेख आला. मुंबईंत कांहीं माणसें अशीं आढळलीं होतीं कीं, त्यांच्या तांबड्या पेशी वरवर पाहतां ओ गटाच्या वाटत; पण त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींच्याहि गुठळ्या करी. ओ गटाचें रक्त सर्वांस चालतें, हा रक्तपेढ्यांचा मूलमंत्र. या माणसांस तेंच घातक होतें. त्यांना चालणारें रक्त एकच, स्वतःच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचें.

याचें कारण पुढें उलगडलें. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोंकास प्रथम एच नांवाचा पाया बसतो, आणि त्या पायावर ए किंवा बी हा कळस चढतो. ओ गटाच्या माणसांत कळस नसतो, पाया असतो. या नव्या रक्तांत पायाच नव्हता. त्यामुळें आईबापांकडून ए किंवा बी यांचें जनुक आलेलें असलें तरी त्याला उभें राहावयास जागाच मिळत नव्हती. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हाइन यांनीं अशाच एका कुटुंबाचा अभ्यास केला. त्यांतील स्त्रीच्या पेशींवर बी दिसत नव्हता, पण तो तिच्या मुलींत प्रकट झाला होता. म्हणजे आईनें जें स्वतः कधीं दाखविलें नाहीं तें मुलीस दिलें होतें. लेव्हाइन यांनीं या रक्ताला ‘बाँबे’ हें नांव दिलें, आणि जगभर तेंच रूढ झालें. शहराचें नांव बदललें, तरी रक्ताचें बदललें नाहीं.

हें रक्त युरोपांत दहा लाखांत एखाद्याच माणसाचें असतें. आपल्याकडे सुमारें दहा हजारांत एकाचें. हिंदुस्थानांत नोंदलेल्या अशा व्यक्तींपैकीं निम्म्याहून अधिक महाराष्ट्रांतील आहेत. मुंबईंत या संशोधनासाठीं निघालेल्या रक्तगट केंद्राचें पुढें मोठ्या संस्थेंत रूपांतर झालें, आणि ती परळच्या के. ई. एम. इस्पितळाच्या आवारांत आहे. परळ म्हणजे गिरणगांव. १९११ सालीं मुंबईच्या गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते, व त्या वेळच्या जिल्ह्यांत आजच्या सिंधुदुर्गाचा कांहीं भागहि मोडत असे. कोंकणानें मुंबईस घाम दिला असें आपण म्हणतों. त्या वस्तीच्या ऐन मध्यांत आज रक्ताचें हें शास्त्र बसलेलें आहे.

या ठिकाणीं वाचकांस थोडा हिशोब करावयास सांगतों. दहा हजारांत एक माणूस या रक्ताचा असेल, आणि विवाह सरसकट कोणाचेहि कोणाशींहि होतात असें धरलें, तर तें जनुक एकेरी स्वरूपांत गुप्तपणें बाळगणारे लोक त्याच दहा हजारांत सुमारें दोनशें निघतात. दिसणारा एक, न दिसणारे दोनशें. असे दोघे पतिपत्नी झाले तर प्रत्येक मुलास हें रक्त येण्याचा संभव चारांत एक. सख्ख्या आते-मामे भावंडांचा विवाह झाला तर हा संभव एरवींच्या सुमारें सातपट होतो, कारण दोघांचीं आजी-आजोबा एकच असतात. भाटिया व संघवी यांनीं १९६२ सालीं याच विषयावर निबंध लिहिला, आणि या रक्ताच्या माणसांच्या आईबापांत निकटच्या नात्यांतील विवाह अधिक आढळतात असें दाखविलें. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांतील अनेक जातींत आहे. ती चाल पापमूलक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिचा हिशोब घरोघर ठाऊक असावा, असें मात्र म्हणतों.

जातीच्या अभिमानास या रक्तानें दिलेला धडा याहून कठोर आहे. अपघातांत सांपडलेल्या अशा माणसाच्या खाटेभोंवतीं त्याचे सारे कुलबंधु रक्त द्यावयास उभे राहिले, तरी त्यांतील एकाचेंहि त्यास चालेलच असें नाहीं. सख्ख्या भावंडांत मिळण्याचा संभव चारांत एक. जें चालेल तें कदाचित् दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसाचें असेल. ज्याच्या हातचें पाणी या माणसाच्या आज्यानें घेतलें नसतें, त्याचेंच रक्त नातवास जगवील. रक्ताच्या शुद्धतेवर पोसलेल्या समाजास रक्तानेंच दिलेलें हें उत्तर आहे, आणि त्याचा प्रतिवाद कोणत्याहि स्मृतींत सांपडणार नाहीं.

परंतु रक्ताची ही कथा माणसाशींच संपत नाहीं. १९२५ सालीं लँडस्टायनर व मिलर यांनीं मोठ्या वानरांचें रक्त तपासलें, तेव्हां त्यांतहि माणसांसारखेच गट आढळले. चिंपांझींत ए पुष्कळ व ओ थोडे, गोरिलांत बी, ओरांगउटान व गिबन यांच्यांत ए व बी दोन्ही. पुढें एका आशियाई माकडाच्या रक्तावरील प्रयोगांतून १९४० सालीं दुसरी खूण उजेडांत आली. रक्तपेढीच्या कागदावर आपण जें ‘आरएच’ लिहितों, तें त्या ऱ्हीसस माकडाचेंच नांव आहे. २०१२ सालीं जनुकांच्या तुलनेवरून असें दाखविण्यांत आलें कीं, ए व बी हा भेद माणसांत नव्यानें उत्पन्न झालेला नसून तो माणूस व गिबन यांच्या समान पूर्वजापासून, निदान दोन कोटि वर्षें, चालत आलेला आहे. याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. या दोन रूपांतील भेद ठरविणारीं मुख्य स्थानें दोनच आहेत. तेवढ्या खुणेपुरतें पाहिलें तर बी गटाचा माणूस ए गटाच्या आपल्या सख्ख्या भावापेक्षां बी गटाच्या गिबनाशीं अधिक जुळतो. बाकी सर्व बाबतींत भाऊ तो भाऊच. पण ज्या रक्ताची शपथ घेऊन आपण भाऊबंदकी मोजतों, त्या रक्ताची ही एक खूण तरी भाऊबंदकीपेक्षां, जातीपेक्षां, नव्हे मनुष्यजातीपेक्षांहि जुनी आहे.

आणि वनस्पति? लांज्याच्या वरकस जमिनींत पिकणारा व घरोघर पिठीसाठीं दळला जाणारा कुळीथ सर्वांच्या परिचयाचा आहे. १९५१ सालीं जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनीं ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें कीं, कुळथाच्या दाण्यांचा अर्क माणसाच्या ए गटाच्या पेशी निवडून त्यांच्या गुठळ्या करतो. त्यांतील एका उपगटाची पारख करण्यास रक्तपेढ्या तेव्हांपासून हा अर्क वापरीत आल्या आहेत. दाण्यानें रक्त ओळखलें म्हणून दोघे सोयरे ठरले, असें मात्र कोणी समजूं नये. कुलुपाला किल्ली बसते म्हणून तीं भावंडें होत नाहींत. नात्याचा पुरावा निराळा आहे. कुळथाच्या बीजांत आणि माणसाच्या बीजांत वारसा ज्या लिपींत लिहिलेला असतो, ती लिपि एकच आहे. अक्षरें तींच चार, तीन-तीन अक्षरांचे शब्द तेच, आणि बहुतेक शब्दांचा अर्थहि तोच. ही लिपि उलगडणाऱ्यांत पंजाबांत जन्मलेले हरगोविंद खुराना हे होते. त्याबद्दल १९६८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक वांटून मिळालें. इतकी आडव्यातिडव्या नियमांची लिपि दोघांनीं स्वतंत्रपणें शोधून काढली असेल हें संभवत नाहीं. ती दोघांसहि एकाच पूर्वजाकडून मिळाली, असेंच मानावें लागतें.

असें जेव्हां आम्ही म्हणतों तेव्हां आम्हांस आपल्या खेड्यांतील देवकाची आठवण होते. मराठा, कुणबी व इतर अनेक जातींत प्रत्येक कुळाचें एक देवक असतें. कोणाचें कळंब, कोणाचें उंबर, कोणाचें पंचपल्लव, कोणाचें मोराचें पीस. लग्नाच्या वेळीं तें मांडवांत बसवितात. ज्यांचें देवक एक, त्यांचा सोयरसंबंध होत नाहीं. आणि जें झाड देवक आहे तें तोडूं नये असा दंडक असतो. एन्थोव्हेन यांनीं १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्यांतील जातींच्या ग्रंथांत या चालीची विस्तृत नोंद आहे. देवक हें शास्त्र नव्हे. कळंबाचें देवक असलेल्या घराचें कळंबाशीं जें नातें आहे, तेंच उंबराशींहि आहे, आणि शेजारच्या घराचेंहि तेंच आहे; झाडें वांटून घेण्यास निसर्गांत आधार नाहीं. तथापि त्या निरक्षर कुळांनीं झाडास आपल्या नात्यांत धरलें, ही गोष्ट लहान नव्हे. विलक्षण हें कीं, ज्या समाजानें झाडास भाऊ मानलें त्यानेंच शेजारच्या माणसास विहिरीवर चढूं दिलें नाहीं. त्याचें अंतःकरण एका बाजूस जनुकशास्त्राइतकें विशाल होतें आणि दुसऱ्या बाजूस कुंपणाइतकें अरुंद होतें.

आमच्या मतें या सर्व इतिहासाचें तात्पर्य व्यवहारांत उतरविण्याजोगें आहे. कुलवृत्तांत जरूर ठेवावेत. पण त्यांत सुनांचीं माहेरें व मुलींचीं सासरें यांचीहि नोंद असावी, म्हणजे त्यांचा उपयोग अभिमानास नव्हे तर आरोग्यास होईल. ओ गट म्हणून नोंदलेल्या रक्तांत एच आहे किंवा नाहीं याची तपासणी व्हावी, कारण बाँबे रक्त ओ समजलें जाण्याचा धोका नेहमींचाच आहे. एखाद्या घरांत असें रक्त निघालें तर त्याच्या सर्व भावंडांनीं आपलें रक्त तपासून घ्यावें व रक्तपेढींत नांव नोंदवावें. त्यांच्यापैकीं कोणी त्या रक्ताचें निघालें, तर त्याच्या एका बाटलीची वाट कोठेंतरी कोणी पाहत असेल. आणि त्या बाटलीवर गट व तारीख लिहितात. जात लिहीत नाहींत. जो मनुष्य तिच्यामुळें वांचेल, त्यास तें रक्त कोणाचें हें बहुधा कधींच कळणार नाहीं. रक्ताचें नातें म्हणून जर कांहीं मानावयाचें असेल, तर तें आम्ही याच नात्यास मानतों.